उसातली वाट

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, संस्थेतल्या मोठ्या ताईंजवळही नाही. तुम्हालाही सांगावं की नाही, ठरत नाहीये—एकदा तोंडातून गेलं की मग ते परत गिळता येत नाही ना?

मानसिक आजार असलेल्या मोठ्या माणसांसाठी आमची संस्था काम करते. हट्टा गावाजवळच्या एका खेड्यात, समाजमंदिरात, आठवड्यातून एकदा आमचं केंद्र भरतं. गोळ्या चालू आहेत का बघायचं, हळद निवडण्यासारखं काहीतरी काम हाताला द्यायचं, चारचौघांत वागायची सवय लावायची. आणि गावाला पुन्हा पुन्हा सांगायचं—या माणसांना घाबरू नका. मी हे इतक्या झोकात सांगते की समोरचे माना डोलावतात. पण मी स्वतः? मी घाबरते. पहिल्या दिवसापासून घाबरते. कुणी एकटक पाहिलं की नजर चुकवते, आणि मी आपली हसत राहते.

गजानन पस्तिशीचा. कानात आवाज येतात म्हणून घरच्यांनी कित्येक वर्षं खोलीत कोंडलेला. गोळ्या लागू पडल्या, तसा अंघोळ करून, भांग पाडून सगळ्यांच्या आधी केंद्रात यायचा आणि सतरंजी अंथरायचा. त्याची आई म्हणायची, "ताई, तुमच्यामुळं माझं लेकरू माणसांत आलं." एवढा मिशीवाला बाप्या, त्याला लेकरू! मला हसू यायचं—आणि खोटं कशाला बोलू, फुशारकीही वाटायची.

त्या दिवशी केंद्र आटोपून मी एकटीच फाट्याकडे निघाले होते. भर दुपार, दोन्हीकडे डोक्यावर गेलेला ऊस, वाटेवर चिटपाखरू नाही. मागून धावण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर गजानन—हात पुढे केलेला, तोंडाने काहीतरी पुटपुटत पळत येत होता. मी काय करायला हवं होतं? थांबायला. नाव घेऊन हाक मारायला. हेच तर मी लोकांना शिकवते. मी किंचाळले. पळाले, पाण्याच्या चारीत पडले, कोपर फुटलं.

उसातून माणसं धावत आली आणि त्याला मारायलाच लागली. तो ओरडत होता, "ताईला फाट्यावर सोडायला चाललो! ताईला सोडायला चाललो!"

पाहुणा निघाला की फाट्यापर्यंत घालवायला जावं, पिशवी घ्यायला हात पुढे करावा—हे त्याला मागच्याच आठवड्यात शिकवलं होतं. कुणी? मीच.

एकाने माझं कोपर पाहिलं. "ताई, ह्यानं हात लावला काय तुमाला?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग विचारलं असतं, वरडल्या काहून? घाबरू नका सांगणारी बाईच घाबरली, हे गावभर झालं असतं. मी म्हणाले, "हो. ओढलं मला."

त्याने मला हात लावला नव्हता. बोटसुद्धा नाही.

गजाननच्या भावाने त्याला परत खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. असली माणसं कधी सुधारत नसतात, असं आता गाव म्हणतं. मीही ऐकून घेते.

परवा त्याच्या आईने फारच गळ घातली, म्हणून त्याला बघायला गेले. तिने कडी काढली. तो कोपऱ्यात बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून. आता हा आईसमोर सगळं बोलणार, असं मला वाटलं.

"ताई," तो म्हणाला, "म्या हात लावला का? मला तर आठवत न्हाई. पण तुमी म्हणल्या म्हंजे लावलाच आसंल."

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा तरी सांगायचं की नाही? मी म्हणाले, "गोळ्या वेळेवर घे."

आणि हेही सांगून टाकते—मी आत गेलेच नव्हते. त्याच्या हातांची मला तेव्हाही भीती वाटत होती, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभी होते. आई पदराने डोळे पुसत बाहेर आली. कडी मीच लावली.