मूठभर तूरडाळ

सकाळी बरणी फुटली आणि एरंडेल लावलेल्या तूरडाळीचा वास घरभर पसरला. माझी पाच वर्षांची लेक बेधडक म्हणाली, "आजीनं फोडली." मी हात उगारला, पण त्या वासानं तो तिथंच थांबला.

तेव्हा मीही एवढीच होते. आई लातुरात डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची आणि मला सोबत न्यायची. सुट्टी झाली की फाटकापाशी बाया पदर झटकून दाखवायच्या. त्या दिवशी मुकादमानं माझ्या फ्रॉकचा खिसाही उलटा केला. खेळायला घेतलेली मूठभर डाळ खाली सांडली.

"कुणी दिली गं?"

मी घाबरून म्हणाले, "आईनं."

एरवी खोटं बोललं की आई कान पिळायची. त्या दिवशी तिनं माझ्याकडं फक्त बघितलं. "हाव, म्याच दिली. लेकराला काई म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी तिचं काम सुटलं. मला ती कधीच काही बोलली नाही. मीही माफी मागितली नाही.

"हाव, माझ्याच हातनं फुटली," खाटेवरून आईचा आवाज आला.

गुडघे गेल्यापासून तिला आधाराशिवाय उठताही येत नाही. मी खाली बसून डाळ गोळा करत राहिले. तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.