शड्डू न ठोकलेली उडी

माणसाला पाय चालण्यासाठी दिलेत, हे आमच्या पीटी मास्तरांना जन्मात कुणी सांगितलं नसावं. पाचगणीच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवतो, तिथे हा गृहस्थ पंधरा वर्षं फाटक न उघडता आत येत आला. फाटकावरून! मूळ माधवनगरचे. लहानपणी तालीम आणि मल्लखांब, मग फौज, मग आमची शाळा. स्टाफरूममध्ये खुर्ची आडवी आली तर ती सरकवायची नाही, ओलांडायची, तीही हातातला चहा न सांडता. आणि उतरल्यावर मांडीवर थाप. शड्डू ठोकल्याशिवाय उडी पुरी झाली असं त्यांना वाटतच नसे. एका शोकसभेत खाली बसलेली पोरं ओलांडून ते पुढे गेले आणि सवयीनं तिथेही शड्डू ठोकला. मग आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देईनात.

यंदा निवृत्तीच्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी उड्या बंद करायला सांगितल्या, आणि नेमक्या तेव्हाच फ्रान्सहून एक नृत्यशिक्षिका पोरांकडून नाटक बसवून घ्यायला आल्या. तीनशे वर्षांपूर्वीचं तिकडचं दरबारी नृत्यनाट्य. बरोक म्हणतात त्याला. मला वाटलं होतं, नुसतं मुरडणं आणि कमरेत वाकून मुजरे. पण त्यात वाऱ्याचं सोंग होतं. वाऱ्यानं ओणव्या दरबाऱ्यांवरून झेप घ्यायची, हवेतच पावलावर पाऊल दोनदा आपटायचं आणि आवाज न करता उतरायचं. बाईंनी मास्तरांना फाटकावरून येताना पाहिलं आणि त्यांना वारा सापडला.

मास्तर लगेच हो म्हणाले, तेव्हा मी त्यांना चांगलं झापलं. ते शांतपणे म्हणाले, "एकच उडी, गड्या. मी फौजेत, मग हितं. आमची मंडळी तिकडं आई-बाचं करत ऱ्हायली. तिनं मला उडताना कवा बघितलंच न्हाई." 

तालीम दोन महिने चालली. बाईंच्या इंग्रजीला दुभाषी मी. उडी बाईंना पहिल्याच दिवशी आवडली. वाजलं ते शड्डूवरून. बाईंचं म्हणणं, या नाचात कष्ट दिसता कामा नयेत. मास्तर चक्रावले. येवढं अंग मोडल्यालं मग लोकास्नी कळायचं कसं, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, कळूच नये.  तिसऱ्या दिवशी मास्तर फाटकावरून उतरले ते हात पाठीमागे बांधून.

प्रयोग दुपारी होता. माधवनगरहून आलेल्या वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, नवी साडी नेसून माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत. मास्तर उडाले, हवेत पावलं दोनदा वाजली, आणि मांजर ओट्यावरून उतरावं तसे ते उतरले. हात कमरेशी, तोंडावर हसू. एकही टाळी पडली नाही. पालकांना वाटलं, असेल सोपं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "आवं भावजी, एवढंच व्हय? मला वाटलं लय अवघड आसंल, म्हणून दोन म्हयनं घराकडं फिरकलं न्हाईत."

माझा जीव तीळतीळ तुटला. पडदा पडल्यावर मी आत गेलो. मास्तर माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. गुडघा टम्म सुजला होता. वहिनी काय म्हणाल्या ते मी सांगितलं आणि विचारलं, त्यांना गुडघ्याचं सांगू का?

"न्हाई," मास्तर म्हणाले. "तिला सोपं वाटलं न्हवं? मग जमली की."

तेवढ्यात रंगमंचाच्या पायथ्यापासून वहिनींची हाक आली. मास्तरांनी माझा खांदा सोडला, तोंड पुसलं, आणि मधल्या पाचही पायऱ्या न लंगडता, हसत उतरून ते तिच्याजवळ गेले.