परत येणाऱ्या रॉकेटच्या पिना

मल्लिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. आता दीड महिना झाला, पण खरं सांगतो, तो राग अजून पुरता गेलेला नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं दोघांचं छोटं मशीन-शॉप. हयात गेली यंत्रमागाचे सुटे भाग करण्यात. आणि गेल्या वर्षी एका नव्या कंपनीनं आम्हाला चक्क रॉकेटचं काम दिलं! उपग्रह वर सोडून हे रॉकेट माघारी येणार, पाय उघडून जमिनीवर उभं राहणार आणि पुन्हा उडणार. त्या पायांच्या बिजागरीच्या पिना आमच्या. माल पॅक झाला आणि मल्लू म्हणाला, "थांब. यातली एक माझ्या हातनं फरशीवर पडलीती. कुटली ते आता कळंना."

मी खोकं उघडून पिना उलटसुलट करून पाहिल्या. "ओरखडा दिसतोय का कुठं? मग गप बस की! हे काम गेलं तर आपल्याला परत कोण विचारतंय?"

"आतनं तडा गेला असला तर? एकदाच जायचं असतं तर एक येळ चाललं असतं. ह्याला परत यायचंय, परत जायचंय..." असं म्हणून पठ्ठ्यानं कंपनीतल्या मॅडमना फोन लावला. सगळा माल नापास! आठ दिवसांत नवा द्या, नाहीतर दुसरीकडं जातो, असं त्यांनी सुनावलं. ते आठ दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मल्लू छातीत भरून येतंय म्हणायचा, आणि मी म्हणायचो, "आता भोग." काय बोलून गेलो मी... माल वेळेत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मल्लू गेला.

रॉकेटच्या चाचणी-उड्डाणाच्या दिवशी त्याच्या बायकोला, महादेवीवहिनींना, शॉपवर बोलावलं. मोबाईलवर रॉकेट खाली येताना दिसलं, मग नुसता धुरळा. वहिनींनी माझं मनगट गच्च धरलं. धुरळा बसेचना...

"भावजी, उभं हाय की!" वहिनी ओरडल्या. मी लहान पोरासारखा रडलो.

त्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, नापास केलेल्या पिना तपासल्या, एकीतही दोष निघाला नाही. आणि उतरलेल्या रॉकेटच्या पिना दुसऱ्या उड्डाणाआधी मोजायला आमच्याकडं पाठवल्या. तपासणीच्या कागदावर सही कायम मल्लूची असायची. मी त्याच्या स्टुलावर बसलो, त्याचं मायक्रोमीटर घेतलं. सगळी मापं बरोबर आली. कंपनीचा माणूस बाहेर खोळंबला होता, "झालं का काका?" म्हणून दोनदा डोकावून गेला. सही करायला पेन उघडलं... आणि मिटलं. पहिल्या पिनेपासून परत मोजायला घेतलं.