तुरीतलं जाळं

काल मांजरसुंब्याच्या रानात तुरीच्या दोन ओळींत जाळं दिसलं. मधोमध पांढरी नागमोडी शिवण, तिच्यावर पिवळ्या पट्ट्यांचा कोळी. धाकटी बहीण सुमन आठवली, बारावीत असतानाची.

अशाच जाळ्यासमोर ती उकिडवी बसली होती. "ताई, ही मादी हाय. नर लई बारका असतो. हिला उन्हातली, उघडी जागाच लागती." तिला अंबाजोगाईला प्राणिशास्त्र शिकायचं होतं.

आमचे वडील, अण्णा, हसले. "सासरी जाळी झाडायचीच हायती, आत्तापासून वळख करून घेतीय."

परीक्षा संपताच तिचं लग्न उरकलं. तिला शिकू द्या, असं घरात कुणीच म्हटलं नाही.

काल तिला त्या कोळ्याचा फोटो पाठवला. लगेच फोन आला, "ताई, जपून गं. हा चावतो का?"