अर्धं माजघर

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. तो सुतार. दवाखान्याची दारं बसवायला आला तेव्हा ओळख झाली, आणि दोन वर्षांनी आम्ही घर बांधलं. जागा माझ्या पगारातून घेतली, लाकूडकाम सगळं त्याच्या हातचं. लग्न मात्र झालं नाही. मी विधवा, शिवाय जातीनं वेगळी. मला सून म्हणून आणलं तर विहीर जवळ करीन, असं त्याच्या आईनं बजावलं होतं. महाडच्या कचेरीत घराचा कागद करताना कारकुनानं विचारलं, "दोघांचं नातं काय?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दोघंही मालक. तेवढं लिहा."

सहा वर्षं तिथे राहिलो. लोक बोलायचे; पण घरात बाळंतपण अडलं की त्यांनाच माझं दार ठोठवावं लागायचं, म्हणून तोंडावर कुणी बोलत नसे.

सातव्या वर्षी दिवाळीनंतर तो गावाहून परतला आणि पाय न धुताच चुलीजवळ येऊन उभा राहिला.

"आयनं पोरगी बघलीय."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी नाय म्हटलं नाय."

मी भाकरी थापत होते. कड फाटली तरी थापतच राहिले.

वाटलं, तो जाईल आणि घर मला राहील. पण आईचं म्हणणं, माझ्या पोराचं लाकूड हाय, वाटा सोडायचा नाय. गावातले दोघे पंच मला समजवायला आले, "बाई, तुम्ही नोकरीवाल्या, कुठंही खोली मिळंल." मी ट्रंकेतून कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मग ठरलं, मधोमध फळ्या मारायच्या. ओटी आणि पुढचं अर्धं माजघर त्याचं. चूल, परस आणि मागचं अर्धं माझं.

फळ्या त्यानंच मारल्या. तीन दिवस लागले. रंधा मारून, खाचेत खाच बसवून, कुठे बोटभर फट ठेवली नाही. रागानं कशाही ठोकल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मार्गशीर्षात लग्न होऊन ती मुलगी आली. सासूही गाव सोडून तिच्यासोबत राहायला आली. फट नसली तरी फळ्यांतून आवाज यायचाच. बांगड्या, खोकला, त्याचं हसणं. मला घरात बसवेना. दवाखान्यातून आले की घासलेली भांडी पुन्हा घासायची, परसात जायचं, लगेच आत यायचं. रविवारी कामाशिवाय बाजारात दोन-दोन फेऱ्या मारायची. रजा असली तरी दवाखान्यात जाऊन बसायची. वर्षभर आम्ही दोन घरांनी एकमेकांशी एक शब्द काढला नाही.

बाळंतपणासाठी त्या मुलीला माहेरी न्यायचं होतं, त्याआधीच एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. पलीकडून फळीवर थापा पडल्या. सासूचा आवाज आला, "बाई, हायस का गो घरात?"

मी पिशवी घेतली. परसातून वळसा घालून पुढे गेले आणि वर्षात पहिल्यांदा त्या ओटीवर चढले. तो दाराशी उभा होता. मी त्याला गरम पाणी आणायला पिटाळलं. मूल पायाळू होतं. तिनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. दोन तास गेले. मुलगी झाली, उशिरा रडली, पण रडली.

मी हात धूत होते. ती बाळंतीण हळूच म्हणाली, "बाई, ह्ये घर तुमचं व्हतं. मला कुनी सांगितलं नव्हतं."

"झोप आता," मी म्हटलं.

त्यानंतर फळीपलीकडे मूल रडलं की माझे हात थांबायचे. ऐकायची, कोण उचलतंय ते. महिनाभर तसं काढलं आणि महाडला बदली मागितली.

निघायच्या दिवशी तो मागच्या दाराशी आला.

"तुझा वाटा मी इकत घेतो."

"विकायचा नाही."

"मग कुलूप लावून ठेवनार?"

मी पुढच्या बाजूला गेले आणि किल्ली त्याच्या बायकोच्या हातात दिली. "चूल वापर. कागदावरचं माझं नाव मात्र तसंच राहील."

महाडच्या खोलीला शेजार नव्हता, कुठल्याच भिंतीतून आवाज येत नसे. पहिल्याच आठवड्यात मी खाट तीनदा या भिंतीपासून त्या भिंतीला नेली.