येते हं

१४ नोव्हेंबर. सकाळच्या मीटिंगमध्ये माझं बोलायचं काम नव्हतं, म्हणून माईक बंद करून मेथी निवडायला घेतली. जेवणाच्या टेबलावर एकीकडे लॅपटॉप, एकीकडे जुडी. दार उघडंच होतं. समोरच्या फ्लॅटमधली शुभांगी कामावर निघाली.

"येते हं, आई."

"ये. डबा घेतलास का?" आतून तिच्या सासूबाई.

"घेतला हो! रोज काय विचारता!"

माझ्या हातातली काडी हातातच राहिली. घरून काम सुरू होऊन तीन वर्षं झाली, आणि मुलगी परगावी गेल्यापासून घरात मी एकटीच. एवढ्यात मी कुणाला 'येते' म्हटलेलं नाही. परत यायचं असतं म्हणून आपण निघताना 'जाते' म्हणत नाही. मी निघतच नाही, त्यामुळे परतही येत नाही. रात्रीचं जेवते तेही याच खुर्चीत, आणि मेल आला तर डाव्या हाताने उत्तर देते.

१५ नोव्हेंबर. सकाळी साडी नेसले, चपला घातल्या, कुलूप लावलं. समोरच्या सासूबाई दारात पेपर वाचत होत्या.

"येते हं, काकू."

"ये. डबा?"

इमारतीला एक फेरी मारून दहा मिनिटांत परतले. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"सुटलं ऑफिस?"

"आत्ता भरतंय," कुलूप काढत मी म्हटलं. "सातला सुटेल."

"मग सुटलं की चहाला ये."

"येते," मी म्हटलं.