पडदा पडेपर्यंत

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजताई म्हणत. ती प्रॉम्प्टर होती. विंगेत लाकडी स्टुलावर मांडीवर संहिता घेऊन बसायची. एखादा नट वाक्य विसरला की पुढचे दोन शब्द इतक्या हलक्या आवाजात सोडायची, की पहिल्या रांगेलाही पत्ता लागत नसे. मी राण्यांची कामं करायची. सिंहासनावरून गरजायची खरी, पण माझी अर्धी ऐट तिच्या ओठांतून आलेली असायची.

नाटक सुरू झालं की ती जागची हलत नसे. कोण कुठे अडखळेल, नेम नाही! शिवाय बायकांचा संडास मागच्या आवारात, मोडक्या कडीचा. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरायचं. म्हणून प्रयोगाच्या दिवशी ती पाण्याला शिवायचीच नाही.

"अगं, घोटभर तरी घे," मी म्हणायची.

"राणीसाहेब, मी उठले की तुमचं राज्य गेलंच म्हणून समजा."

शेवटचा पडदा पडला की ती संहिता मिटायची, स्टूल भिंतीला लावायची आणि म्हणायची, "मी जरा जाऊन येते." मग मी दार धरायला जायची.

लघवीची जळजळ तिला तेव्हापासूनची. दौऱ्यावर जिथे असू तिथल्या मेडिकलमध्ये जाऊन म्हणायची, "नेहमीच्या गोळ्या द्या हो." चिठ्ठी कोण मागतंय! जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या पर्समध्ये, पुढच्या वेळेसाठी. कुणी नटी कळवळली तर तिलाही त्यातल्याच द्यायची. मीही घेतल्यात. तेव्हा गुणही यायचा.

कंपनी बंद पडली. आम्ही म्हाताऱ्या झालो, पण राहिलो एकाच गल्लीत. तिची गोळ्यांची सवयही राहिली. यंदा मात्र गुण येईना. मेडिकलवाल्याने दुसऱ्या दिल्या, मग त्याहून जहाल. एके सकाळी ती हुडहुडी भरून थरथरत होती, पाठीत कळा येत होत्या. तिच्या सूनबाईने तिला जवळजवळ उचलूनच हॉस्पिटलात नेलं. मागोमाग मी, काठी टेकत.

लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट हाती आल्यावर डॉक्टरीणबाई खाटेशी येऊन बसल्या. पोर तरुण होती, पण बोलायची सांभाळून.

"आजी, तुमच्या जंतूंवर कुठलीच गोळी चालत नाही. त्याच त्या गोळ्या वारंवार, अर्धवट घेतल्याने जंतू त्यांना सरावलेत."

"पण घरात बसलेल्या माणसाला असले जंतू कुठून?" सूनबाईने विचारलं.

"पूर्वी हॉस्पिटलातच दिसायचे. आता घराघरांतून येतात."

कुजबुजताई तापातही हसली. "म्हणजे जंतूंचं पाठांतर पक्कं झालं! आमच्या नटांना जन्मात जमलं नाही ते!"

डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं, पण टिकलं नाही. "शिरेतून द्यायचं एक औषध आहे. आजच सुरू करू. पण इन्फेक्शन मूत्रपिंडात गेलंय, रक्तातही. आता औषध आधी पोचतं, की..." त्या थांबल्या.

"की मी," कुजबुजताईने सवयीने पुढचे शब्द दिले.

औषधाने ताप उतरला. तिने चहा मागितला, साखर कमी म्हणून सुनेशी भांडलीसुद्धा. आम्हाला वाटलं, जिंकलो. मग लघवी होईनाशी झाली, अंगावर सूज चढली, माणसं ओळखू येईनाशी झाली.

त्या दुपारी तिचे ओठ सारखे हलत होते. मुठीत चादर आवळलेली, कपाळावर आठ्या.

"मावशी, काय म्हणताहेत आई?" सूनबाईने मला विचारलं.

मी कान लावला. "दरवाजे उघडा... दरवाजे उघडा..." माझं वाक्य होतं ते, शेवटच्या अंकातलं. मी अडकलेय असं वाटत होतं तिला. शब्द देऊन देऊन बिचारी थकली होती, आणि राणी काही ते उचलत नव्हती.

मी काठी खाटेला टेकवली. जमेल तितकी ताठ उभी राहिले आणि उरलासुरला आवाज लावला. "दरवाजे उघडा! येणाऱ्याला येऊ द्या. मी इथेच उभी आहे!"

शेजारची बाई दचकून उठली. नर्स धावत आली. "अहो आजी, हॉस्पिटल आहे हे!"

कुजबुजताईची मूठ सैल झाली. आठ्या गेल्या.

"पडला पडदा?" तिने विचारलं.

"पडला गं."

"मग मी जरा जाऊन येते."

"ये जाऊन," मी म्हटलं, आणि बाहेरून दार धरावं तशी खाटेची कड धरून उभी राहिले.